डावीकडचं बटण

आमच्या ऑफिसात पाच कॉम्प्युटर आहेत आणि ते रोज सकाळी मी सुरू करते. झाडून-पुसून झालं, देवाच्या फोटोला फूल घातलं, की एकेकाचं बटण दाबत जायचं. पाचही तारांनी एकमेकांना जोडलेले आहेत. मोठा मालकाच्या खोलीत आहे, बाकीचे चार बाहेर. गाड्यांच्या ट्रिपा लिहायचा प्रोग्राम त्या मोठ्यात राहतो आणि बाहेरचे चौघे तो त्याच्याकडून रोज उसना घेतात. मला कोणीतरी असंच समजावलं होतं आणि मला ते समजलं.

उसना घेतात म्हणून रोज सकाळी चारही पडद्यांवर एक चौकट उभी राहायची. वर छोटी ढाल, मध्ये इंग्रजी अक्षरं, खाली दोन बटणं. हा प्रोग्राम दुसऱ्या कॉम्प्युटरवरून येतोय, त्याच्यावर विश्वास ठेवायचा का, असं ती चौकट विचारते. काल विचारलं होतं, परवा विचारलं होतं, तरी आज पुन्हा. बाकीचे वैतागायचे. मला त्या यंत्राचा राग कधी आला नाही. मीसुद्धा खोलीला कुलूप लावल्यावर ते ओढून बघते, दहा पावलं जाऊन परत येते आणि पुन्हा ओढते. नवरा म्हणतो, "कुलपाक पण कंटाळो इलो तुझो."

डिचोलीत आमचं हे ऑफिस खनिजाच्या गाड्यांचं. मालकाला सगळे पात्रांव म्हणतात. मध्ये खाणी बंद होत्या तेव्हा ऑफिसाला कुलूपच होतं. आता गाड्या परत धावू लागल्या आहेत, ऑफिसातली माणसं मात्र सगळी परत आली नाहीत. दिवसभर फोन येतात ते काट्यावरून, म्हणजे जिथे गाडीचं वजन होतं तिथून. गाडी अडवली, गाडी सोडली, चलान नाही म्हणून अडवली, साहेब बोलले म्हणून सोडली. हे ऐकत ऐकत मी चहा करते.

मी इब्रामपूरची. तिथल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. नवरा दोडामार्गाकडचा, याच पात्रांवांचा टिप्पर चालवतो. म्हणजे आमच्या घरातली दोन्ही कामं एकाच माणसाच्या हातात आहेत. हे मी इथे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात मला रात्रंदिवस तेवढंच डोक्यात होतं.

चौकटीचं काम मला हेडक्लार्कने शिकवलं. त्याला सगळे बाबू म्हणतात, पात्रांवसुद्धा. तो डिचोलीचाच, घर ऑफिसापासून हाकेवर, तरी सगळ्यात उशिरा येतो. आल्याबरोबर त्याला चहा आणि चालू असलेला प्रोग्राम दोन्ही समोर लागतात.

"बाय गो," त्याने मला सांगितलं होतं, "दोन बटणं दिसतात नाय? डावीकडचं दाबायचं. उजवीकडचं चुकून दाबलंस तर प्रोग्राम येत नाय, आणि मग माझी तकली फिरता."

तेव्हापासून डावीकडचं. चार पडदे, चार वेळा डावीकडचं.

ऑफिसात चौथं माणूस म्हणजे कोरगावची मुलगी. ती हिशेब बघते. जनेलाकडचा कॉम्प्युटर तिचा. उघड्या जनेलातून रस्त्याची लाल धूळ आत येते म्हणून तिच्या पडद्यावर रोज फडकं मारावं लागतं. कोरगावहून ती दोन बसा बदलून येते आणि नंतरची बस फार उशिराची असल्यामुळे लवकरच्या बसने येते. त्यामुळे सकाळी कितीतरी वेळ ऑफिसात आम्ही दोघीच असतो. ती मला मावशी म्हणते. मी तिला काहीच म्हणत नाही. एवढ्या वेळात आमच्यात बोलणं फार कमी झालं. ती मोबाइल घेऊन व्हरांड्यात जाते, हळू आवाजात बोलते, मी दिसले की थांबते. मी का थांबलीस असं कधी विचारलं नाही, पण ती थांबते हे माझ्या लक्षात राहिलं.

एकदा तिच्या कॉम्प्युटरवर वेगळीच वॉर्निंग आली. ईमेलवरून आलेली कसली तरी फाईल ती उघडत होती आणि पिवळी पट्टी आली. तिने कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. हा पणजीच्या एका दुकानात काम करतो, पण मूळचा कोल्हापूरकडचा. आमचे कॉम्प्युटर तोच बसवून गेला. बाबूलाही ऐकायचं होतं म्हणून तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मी कपबशा उचलत होते.

"फाईल अडवली म्हणतोय न्हवं?" तो म्हणाला. "दुसऱ्या कॉम्प्युटरवरनं आली की तो अडवतोय. सोडून द्यायची."

"सोडायची?" मुलीने विचारलं.

"सोडून द्यायची, विषय संपला."

बाबू फोनकडे वाकला. "आणि ओळखीची नसली तर रे?"

"ओळखीची नसली तर सोडायचीच की वो. त्यात विचारायचं काय? बघायचं पण नाही. सरळ सोडायचं."

बाबूने मुलीकडे बघितलं. "हे शिकलेले लोक," तो म्हणाला, "आपला काट्यावरचा गेटवाला जास्त विचार करता." पण त्याने मान डोलावली आणि मुलीने बटण दाबलं. फाईल उघडली. त्या दिवसापासून ऑफिसात सगळ्यांना एक नियमच मिळाला. वॉर्निंग आली की कोणीतरी म्हणायचं, "सोड गो तिला," आणि दाबायचं.

मला तो नियम तेव्हाच विचित्र वाटला होता. अनोळखी असेल तर उलट जास्त लवकर सोडायचं, हे कसलं सांगणं. मी मनात त्या कॉम्प्युटरवाल्यावरच संशय घेतला. म्हटलं, हा पणजीत बसून आपल्या फायद्याचं काहीतरी करतोय. आमचे कॉम्प्युटर बिघडले की त्यालाच बोलवावं लागणार. पण मी कोणाला काय सांगणार? मला चार माणसांत बोलायची सवय नाही. मी कपबशा घेऊन आत गेले.

मग ती सकाळ आली.

बाबू आला, चहा घेतला, ट्रिपांची फाईल उघडायला गेला आणि ती उघडली नाही. दुसरी उघडली, तीही नाही. सगळ्या फाइलींच्या नावांना मागे भलतीच अक्षरं चिकटली होती. पात्रांवांच्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर तसंच. पडद्यावर इंग्रजीत एक मोठा मजकूर आला होता. मुलीने तो वाचला आणि ती पांढरी पडली. फाइली कोणीतरी कुलूपबंद केल्या आहेत, असं तिने सांगितलं. चालू महिन्याच्या सगळ्या ट्रिपा त्यात होत्या.

पात्रांव बाहेर आले. ते कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही.

"किदें जालां?"

बाबूने कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो पणजीत बसूनच आमच्या कॉम्प्युटरमधलं काही काही बघू शकतो. त्याने बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, ईमेलवरून आलेली फाईल आहे. काल संध्याकाळी जनेलाकडच्या कॉम्प्युटरवर कोणीतरी ती उघडायला घेतली. वॉर्निंग आली आणि तशीच राहिली. पडदा काळा झाला म्हणून बंद करताना कोणाला दिसली नाही, कॉम्प्युटर चालूच राहिला. ती चौकट रात्रभर तिथे उभी होती. आणि आज सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, कोणीतरी ती फाईल आत घेतली.

"मी एवढं बजावून सांगितलेलं," तो फोनवर म्हणाला. "सोडून द्या म्हणून."

"आम्ही सोडतोच," बाबू म्हणाला.

"मग कुणीतरी नाही सोडलं."

पात्रांवांनी फोन ठेवायला सांगितला. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी म्हणजे मी, नाहीतर कोरगावची मुलगी. तिसरं कोणी नाही. त्यांनी आमच्या दोघींकडे बघितलं. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे, माझ्याकडे जरा जास्त वेळ.

"सांगून सुद्धा?" ते म्हणाले. "कोणें केलां तें म्हाका जाय. जिणें केलां तिणें घरा बसचें." कोणी केलं ते त्यांना हवं होतं, आणि घरी बसायचं म्हणजे काम गेलं.

कॉम्प्युटरवाला तीन-चार दिवसांनी येणार होता. तो आला की कळेल, असं ठरलं. पात्रांवांनी बाबूला हळूच काहीतरी सांगितलं आणि बाबू माझ्याकडे आला. त्याने हात पुढे केला.

"चावी दे गो बाय. तो येईपर्यंत."

मी कमरेची चावी काढून दिली. त्याने ती खिशात टाकली आणि म्हणाला, "मनाक लावून घेऊ नको." पण मुलीकडून काही घेतलं नाही, हे मी बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पायरीवर बसून बाबूची वाट बघायची. रस्त्यावरून गाड्या जात, पायावर लाल धूळ बसे. मुलगीही येऊन थोडं अंतर ठेवून बसे. तिच्या मांडीवर पर्स असे आणि तिचा हात पर्सवर. मी तिच्या हाताकडे बघायची. कारण आधीच्याच आठवड्यात मी एक बघितलं होतं. सकाळी तिने त्याच पर्समधून बोटाएवढा पेन ड्राइव्ह काढला, दाराकडे बघितलं, मी कोपऱ्यात आहे हे तिला दिसलं नाही, आणि तो तिने कॉम्प्युटरला लावला. थोड्या वेळाने काढून परत पर्समध्ये. बाहेरून काहीतरी आत आणलं, नाहीतर आतलं बाहेर नेलं. दोन्हींतलं काही असो, दाराकडे कशाला बघायचं?

हे सांगितलं तर तिचं काम जाईल आणि माझं राहील. नाही सांगितलं तर पात्रांवांची नजर माझ्यावरच आहे. मी झाडताना वाक्य बनवायची. पात्रांव, मी एक बघितलं. पात्रांव, तुम्हाला एक सांगायचं होतं. बनवून ठेवायची आणि ते समोर आले की वाक्य पोटात जायचं.

आणखी एक गोष्ट होती, ती मी झाडतानाही नीट बघत नव्हते. त्या सकाळी मी जनेलाकडच्या पडद्यावर काय दाबलं, ते मला आठवत नव्हतं. रोजचं डावीकडचंच दाबलं असणार. पण धूळ पुसताना फडकं माउसवर गेलं असेल, बाण सरकला असेल, आणि माझ्या हातून उजवीकडचं दाबलं गेलं असेल तर? सांगितलं होतं त्याच्या उलट माझ्याच हातून झालं असेल तर? रात्री मी नवऱ्याच्या मोबाइलवर अंगठा ठेवून बघायची, माझा हात आपोआप कुठे जातो.

"तू दाबलंस काय गो ता?" नवऱ्याने विचारलं.

"माका काय म्हायत."

"म्हायत नाय म्हणजे दाबलंस."

"म्हायत नाय म्हणजे म्हायत नाय."

त्याने हात धुतले. मग म्हणाला, "काट्यावर लोक विचारतत माका. तुझ्या बायलेन कॉम्प्युटर फोडलो काय म्हणान." भाताचं ताट पुढे ओढून त्याने माझ्याकडे बघितलं, जसं पात्रांवांनी बघितलं होतं तसंच. माझ्याच घरात. मी आमटी वाढली.

मुलगीही बदलली. पाण्याची बाटली ती आधी टेबलावर ठेवायची, आता ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावायची. पाण्याला कसलं कुलूप? मग मला कळलं की कुलूप पाण्याला नाही, माझ्यासाठी आहे. आणि एक दिवस पायरीवर बसल्या बसल्या ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, तुम्ही एकदा माझ्या खुर्चीवर बसला होता. कॉम्प्युटर चालू होता."

खरं होतं. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं एकेक करून लावता येतात का बघत होते. चौथीत ए-बी-सी-डी नव्हती, नंतर माझ्या मुलाच्या पुस्तकातून शिकले.

"अक्षरं वाचत होते," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली. त्या 'हां'चा अर्थ मला ऐकू आला. मी पेन ड्राइव्हचा 'हां' पोटात ठेवला होता, तिने माझ्या खुर्चीचा ठेवला होता.

कॉम्प्युटरवाला आला तो दुपारी, दोन बॅगा घेऊन. आधी मोठ्या कॉम्प्युटरकडे बसला, मग जनेलाकडे. जुन्या फाइलींची नक्कल त्याच्याकडे होती, ती त्याने घातली. शेवटच्या काही दिवसांच्या ट्रिपा मात्र गेल्या. त्या काट्यावरच्या पावत्या बघून परत लिहाव्या लागणार होत्या. मग पात्रांवांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. ते स्वतः बाबूच्या खुर्चीवर बसले, बाबू उभा राहिला. मुलगी तिच्या टेबलाला टेकून. मी दाराशी.

"ईमेलमधनंच आलीय, हे नक्की," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "पेन ड्राइव्हचा वगैरे संबंध नाही."

पेन ड्राइव्हचं कोणी विचारलंही नव्हतं. मुलीने खाली बघितलं. माझं बनवून ठेवलेलं वाक्य तिथेच संपलं. मग उरले मीच, असं माझ्या मनात आलं.

त्याने माझ्याकडे वळून विचारलं. साधा माणूस आहे, आवाज मऊ. "मावशी, सकाळी तुम्ही सगळ्यांच्या आधी येतासा. खिडकीकडच्या पडद्यावर वॉर्निंग आली तर तुम्ही काय करता?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"सोडते."

"सोडता? बघत बसत नाही ना?"

"नाही. सरळ सोडते. त्या दिवशीपण सोडलीच असणार."

"मग झालं की." त्याने पात्रांवांकडे बघितलं. "मावशींचा संबंध नाही. सांगितलंय तसं केलंय त्यांनी."

मला बरं वाटलं. पण त्याच क्षणी मला ते आवडलंही नाही. एवढ्या सहज कसं काय? चार दिवस चावी काढून घेतली, पायरीवर बसवलं, आणि एका शब्दात सुटले? हा माणूस मला वाचवतोय का, आणि वाचवतोय तर कशासाठी? मी भिंतीला हात लावून उभी राहिले.

आता सगळे मुलीकडे बघत होते. तिचे डोळे भरले.

"मीसुद्धा सोडतेच," ती म्हणाली. "तुम्ही फोनवर सांगितलंत तेव्हापासून. ओळखीची असो नसो, आली की सोडते. बाबूंना विचारा."

"खरं आहे," बाबू म्हणाला. "पोरगी एक अडवून ठेवत नाय. मीपण सोडतो. एक दिवस तर मी एका बसणीत सात-आठ सोडल्या."

"सात-आठ?" कॉम्प्युटरवाला म्हणाला. "एवढ्या आल्या? आणि सगळ्या सोडल्या?"

"सगळ्या. एक ठेवली नाय."

"शाबास. मग आत घेतली कुणी?"

पात्रांव एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. सगळ्यांनी सांगितलं तसं केलं होतं आणि तरी फाइली गेल्या होत्या. म्हणजे कोणीतरी खोटं बोलत होतं, एवढाच त्याचा अर्थ होत होता. मला वाटलं मुलगी, मुलीला नक्की वाटलं मी, आणि पात्रांवांना, त्यांच्या डोळ्यांवरून, बाबूसुद्धा.

तेवढ्यात काट्यावरून फोन आला. बाबूने सवयीने आवाज मोठा केला.

"बाबू, आपली गाडी अडवून ठेवल्यात हांगा. चलानाचो नंबर जुळना म्हणतात."

"आमचीच गाडी मरे ती. सायबाक सांग, चलान मागसून येता. सोड म्हण."

"सोडूं?"

"सोड, सोड. आत सोड."

बाबूने फोन ठेवला. कॉम्प्युटरवाला त्याच्याकडे बघत होता. तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

"काय म्हणालासा तुम्ही आता?"

"गाडी सोड म्हटलं."

"सोड म्हणजे? घालवून दे?"

"घालवून कित्याक? आमची गाडी. अडवलेली, ती सोडली. आत घेतली."

"सोड म्हणजे आत घे?"

"अडवलेली गाडी सोडतात म्हणजे काय करतात मग? जाऊ देतात." बाबूला राग आला होता. "तुमच्या कोल्हापुरात अडवलेली गाडी कशी सोडतात?"

कॉम्प्युटरवाल्याने डोक्याला हात लावला आणि खुर्चीवर बसला.

"वो बाबू, मी सोडून द्या म्हटलं म्हणजे नाद सोडा. हात लावू नका. आहे तशी राहू द्या, उजवीकडचं दाबून मोकळं व्हा. अनोळखी असली तर सोडा, म्हणजे तिच्या वाटेला जाऊ नका. तुम्ही काय केलासा?"

"अडवली म्हणालास तू. आम्ही सोडली."

"सात-आठ."

"एक ठेवली नाय," बाबू म्हणाला, आणि या वेळी ते अगदी हळू म्हणाला.

मुलगी एकदम हसली आणि तिने तोंडावर हात ठेवला. मला हसू आलं नाही. मी मनात मागे जात होते. सरळ सोडते, असं मी म्हटलं होतं. तो 'हात लावत नाही' असं समजला, आणि मला मोकळं केलं. म्हणजे मी सुटले ती त्याच चुकीच्या शब्दावर. आता शब्द कळला होता, तर मी परत अडकले का? मी पात्रांवांकडे बघितलं. तेही माझ्याकडे बघत होते, म्हणजे त्यांच्याही डोक्यात तेच आलं असणार.

"ह्या दोगांतली कोण, तें कळटा?" त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला विचारलं.

"कॉम्प्युटर कळतोय, वेळ कळतीय. बोट कळत नाही." तो आमच्याकडे न बघता म्हणाला, "आणि खरं सांगू काय, कुणीपण दाबलं असतं, शिकवलंच तसं होतं. शिकवलं मी. फोनवर सांगायला नको होतं."

"तुजी भास, तुझी भाषाच तशी," पात्रांव म्हणाले.

"तुमची पण की वो."

पात्रांवांनी बाबूच्या टेबलावरची चलानं सरळ केली. मग उठले. "बरें. आतां सोड तें," ते म्हणाले, आणि दारापर्यंत गेल्यावर थांबले. त्यांना आपणच काय म्हटलं ते ऐकू आलं असावं. मागे वळून म्हणाले, "म्हणजे जाऊ दे. परत काढूं नाका." आणि आत गेले.

कॉम्प्युटरवाल्याने संध्याकाळपर्यंत बसून सगळं नवीन केलं. ट्रिपांचा प्रोग्राम आता रोज मोठ्याकडून उसना येत नाही, आपापल्या कॉम्प्युटरवर राहतो. त्यामुळे सकाळची चौकट बंद झाली. आता चौकट दिसली म्हणजे काहीतरी बाहेरचं आहे. मग कोणी काही दाबायचं नाही, त्याला फोन करायचा. हे त्याने आम्हा तिघांना समोर उभं करून सांगितलं. सांगताना दोनदा 'सो' म्हणून थांबला आणि 'हात लावायचा नाही' असं म्हणाला.

गेलेल्या ट्रिपा परत लिहिण्यात कितीतरी दिवस गेले. काट्यावरून पावत्या आल्या, लाल धुळीने माखलेल्या. मी त्या पुसून तारखेप्रमाणे लावून द्यायची, मुलगी आणि बाबू लिहायचे. त्या दिवसांतही बाबूच दार उघडायचा आणि मी पायरीवर बसायची. काम गेलं नव्हतं, पण राहिलं असंही कोणी म्हटलं नव्हतं. नवऱ्याने दोनदा विचारलं, चावी दिली काय? दोनदा मी नाही म्हटलं. रात्री तो कूस बदलत राहायचा.

एक दिवस दुपारी बाबूने चहाचा कप परत देताना त्याच्या बशीत चावी ठेवली.

"पात्रांव म्हणाले काय?" मी विचारलं.

"पात्रांव म्हणाले, बाबूला सकाळी लवकर उठवून काय फायदो." त्याने चष्मा काढून पुसला. "आणि म्हणाले, चौकट आली तर बाय सो..." तो थांबला. "हात लावू नको, एवढंच."

मी चावी कमरेला लावली. ती थंड होती, बशीत चहा सांडला होता म्हणून थोडी चिकटही. संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्याने ती कमरेला बघितली आणि दोन पाव जास्त आणायला गेला.

आता सकाळी मी दार उघडते, फूल घालते, पाच बटणं दाबते. पडदे उजळतात आणि नुसते राहतात. कोणी काही विचारत नाही. मी हात पाठीमागे धरून उभी राहते, सगळे पडदे एकदा बघते, जनेलाकडचा दोनदा. मग फडकं मारते, माउस उचलून बाजूला ठेवून.

परवा मुलगी आली तेव्हा मी तशीच उभी होते. तिने पर्स टेबलावर ठेवली, ड्रॉवर उघडला, बाटली काढली. कुलूप ती अजून लावते. पेन ड्राइव्हात काय होतं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

"मावशी," ती म्हणाली, "त्या दिवशी ह्या पडद्याकडे आधी तुम्ही आला होता की मी?"

मी खरंच आठवून बघितलं. फडकं हातात होतं की झाडू, जनेल उघडलं होतं की नाही, तिचा मोबाइलचा आवाज व्हरांड्यातून येत होता की ती खुर्चीवर होती.

"आठवत नाही," मी म्हटलं.

"मलाही," ती म्हणाली.

माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. तिचाही माझ्यावर बसला नसणार. तिने खुर्ची ओढली आणि मी चहाचं पाणी ठेवायला आत गेले. दोघींसाठी ठेवलं.